औषधाला महागाई भत्ता, म्हाताऱ्याला नाही

माझी सासुरवाडी बुऱ्हाणपूरची. हे जुन्या वाचकांना ठाऊक आहे, नव्यांसाठी पुन्हा सांगतो. वास्कोला गोवा एक्सप्रेसमध्ये बसायचे, दुसऱ्या दिवशी भुसावळला उतरायचे आणि तिथून खांडव्याच्या बाजूला जाणारी गाडी धरायची. तासाभरात बुऱ्हाणपूर. राज्य मध्य प्रदेश, दुकानांच्या पाट्या हिंदीत, बाजारात उर्दूचा लहेजा, आणि कित्येक घरांत चुलीपाशी मात्र रावेर-मुक्ताईनगरकडची खानदेशी मराठी. १७६० च्या उदगीरच्या लढाईनंतर हे शहर मराठ्यांकडे आले, पुढे शिंद्यांकडे गेले. राज्ये गेली, भाषा राहिली. लग्नानंतर पहिल्यांदा तिथे गेलो तेव्हा सासूबाईंनी विचारले होते, "तुमच्याकडे कोकणी बोलतात म्हणे, मग तुम्हाला आमचं बोलणं समजेल ना?" मी म्हटले, सरहद्दीवरच्या माणसाला सरहद्दीवरच्या माणसाचे बोलणे समजतेच!

पण आज भाषेबद्दल लिहायचे नाही. आज गोळीबद्दल लिहायचे आहे.

गेल्या दिवाळीत तिकडे गेलो होतो. रात्री जेवणे झाली, मुले फटाके उडवायला बाहेर पळाली. सासरे ओट्यावर दिव्याखाली बसून काहीतरी करत होते. जवळ गेलो तर हातात दाढीचे पाते आणि समोर कागदावर गोळ्या. एकेक गोळी धरून तिचे दोन तुकडे करणे चालले होते. मला बघून जरा ओशाळले, मग हसून पट्टी पुढे केली. म्हणाले, "बघा जावईबापू, तुमच्या गावची गोळी आहे." पट्टीच्या मागे बारीक अक्षरांत उत्पादनाचा पत्ता होता. वेर्णा, गोवा.

मला वाटले, डॉक्टरांनी अर्धी सकाळी, अर्धी रात्री घ्यायला सांगितले असेल. तसे विचारले. ते गप्प. उत्तर सासूबाईंनी आतून दिले, "अर्धी आज, अर्धी उद्या."

त्यांचे वय ७२. रक्तदाब, मधुमेह, शिवाय चार वर्षांपूर्वी हृदयात एक स्टेंट. आयुष्यभर कापडाच्या एका कारखान्यात हिशेब लिहिले. भविष्य निर्वाह निधीवाल्यांची, म्हणजे १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेची पेन्शन मिळते, महिना १,४१२ रुपये. औषधांचे बिल मी दुसऱ्या दिवशी मेडिकलवाल्याकडून मागून घेतले. १,८३७ रुपये. पेन्शन पूर्ण औषधांत घातली तरी सव्वाचारशे रुपये कमी पडतात! बाकीचा खर्च मेव्हणा करतो. त्याचे दोन यंत्रमाग आहेत, ते कधी चालतात, कधी बंद असतात. मुलाच्या डोक्यावर भार नको म्हणून म्हाताऱ्याने आपल्यापुरता उपाय शोधला होता. पाते आणि कागद. पट्टीला तिकडे 'पत्ता' म्हणतात. मेडिकलवाला मला म्हणाला, "साब, पूरा पत्ता लेनेवाले बुजुर्ग कम हैं. चार गोली, छह गोली, कैंची से काट के देता हूँ."

मी पैसे देऊ केले, तर सासरे उठून आत गेले. लेकीच्या घरचे पाणी पिताना दहादा विचार करणारी पिढी ती. जावयाकडून औषधाचे पैसे घेतील? बायको त्या रात्री झोपली नाही. मीही नाही. आणि मला झोप न येण्याचे आणखी एक कारण होते, ते पुढे सांगतो.

तुम्ही म्हणाल, आता सत्तरीच्या वरच्यांना सरकारने कार्ड दिले आहे ना? दिले आहे. २९ ऑक्टोबर २०२४ रोजी आयुष्मान भारत योजना ७० वर्षे आणि त्यावरच्या सर्वांना खुली झाली. उत्पन्नाची अट नाही, वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार, 'वय वंदना' असे गोड नाव. सुमारे सहा कोटी ज्येष्ठांना लाभ होईल असे सरकारने सांगितले. सासऱ्यांकडेही ते कार्ड आहे. लॅमिनेट करून देवघरात विठोबाच्या तसबिरीमागे ठेवले आहे. मी काढून पाहिले. सासरे म्हणाले, "चांगलंच आहे ते. पण ते चालायला माणूस आडवा पडावा लागतो."

या एका वाक्यात सगळे आले. ही योजना दवाखान्यात दाखल होणाऱ्यासाठी आहे. दाखल होण्याआधीचे तीन दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे पंधरा दिवस एवढ्या औषधांची त्यात सोय आहे. सोळाव्या दिवशी काय? सोळाव्या दिवसापासून मरेपर्यंत रोज सकाळी जी गोळी घ्यायची, ती या पाच लाखांत बसत नाही. रक्तदाबाची गोळी बसत नाही, साखरेची बसत नाही, स्टेंट बसवल्यावर रक्त पातळ ठेवण्यासाठी डॉक्टर जी चुकवू नका म्हणून बजावतात तीही बसत नाही. म्हणजे हृदयात स्टेंट बसवायला सरकार लाखभर रुपये देईल, आणि तो तुंबू नये म्हणून लागणाऱ्या गोळीला मात्र म्हाताऱ्याने दाढीचे पाते घ्यावे!

आमच्या गोव्याची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना २०१६ पासून चालू आहे. तिच्याबद्दल मला आदर आहे, माझ्या शेजाऱ्यांना तिचा उपयोग झालेला मी पाहिला आहे. पण घडण तीच. शस्त्रक्रिया, दाखल होणे, ठरलेली पॅकेजे. महिन्याच्या गोळ्यांचे पाकीट तिच्यातही नाही. म्हणजे हा प्रश्न बुऱ्हाणपूरच्या एका ओट्यावरचा नाही. तो डिचोलीतल्या, काणकोणातल्या ओट्यावरचाही आहे. आपल्याकडे पाते उघड्यावर दिसत नाही इतकेच.

आता मला झोप न येण्याचे कारण. मी सरकारी कारकून आहे. माझ्या टेबलावर जी कामे येतात त्यांत एक काम वैद्यकीय बिलांचे. कर्मचाऱ्याने बिल जोडायचे, डॉक्टरांच्या सहीचा फॉर्म जोडायचा, मी आकडे तपासायचे, शेरा मारायचा आणि फाईल वर पाठवायची. वर्षानुवर्षे हेच करतो आहे. त्याच गोळ्यांची नावे, तेच आकडे. माझ्या स्वतःच्या रक्तदाबाच्या गोळीचेही बिल मी असेच लावतो. तिची किंमत किती हे मला सासऱ्यांचे बिल हातात येईपर्यंत ठाऊक नव्हते! ज्याला परत मिळते त्याला किंमत कळत नाही. आणि वर्षातून दोनदा मला महागाई भत्ता वाढून मिळतो. त्याची बातमी आली की कार्यालयात चहा होतो.

वाचकहो, आता जरा कंटाळवाणा हिशेब करू. कारकुनाच्या हातून दुसरे काय होणार?

औषधांच्या किमती ठरवण्याचा आपल्याकडे एक कायदेशीर हुकूम आहे, औषध किंमत नियंत्रण आदेश. १९७९ साली त्याखाली ३४७ औषधे होती. १९८७ साली १४२ राहिली. १९९५ साली फक्त ७४. म्हणजे सरकारने हळूहळू हात काढून घेतला. २०१३ साली नवा आदेश आला आणि अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतली औषधे त्याखाली घेतली गेली. ऐकायला छान. पण किंमत ठरवायची रीत बदलली. पूर्वी औषध बनवायला खर्च किती येतो यावर किंमत ठरे. आता बाजारात ज्या ब्रँडांचा वाटा एक टक्का किंवा जास्त आहे, त्यांच्या किमतींची सरासरी काढायची आणि त्यावर दुकानदाराचे सोळा टक्के चढवायचे. ही झाली कमाल किंमत. म्हणजे बाजाराने जी किंमत लावली तीच थोडी चापून चोपून बाजाराला परत द्यायची! चोराने सांगितलेल्या रकमेची सरासरी काढून दंड ठरवण्यासारखे आहे हे.

बरे, पुढे काय? त्या कमाल किमती दरवर्षी घाऊक महागाईच्या निर्देशांकाशी जोडलेल्या आहेत. एप्रिल २०२२ मध्ये कंपन्यांना १०.७७ टक्के वाढीची मुभा मिळाली. एप्रिल २०२३ मध्ये १२.१२ टक्के. दोन्ही एकावर एक धरली तर दोन वर्षांत चोवीस टक्के. मग २०२४ साली जवळजवळ काही नाही, २०२५ साली १.७४ टक्के. प्रामाणिकपणे हेही सांगायला हवे की सप्टेंबर २०२२ मध्ये ३८४ औषधांची नवी यादी आली आणि तिच्याप्रमाणे काही औषधांच्या कमाल किमती खालीही आल्या. पण जी औषधे यादीबाहेर आहेत, त्यांची किंमत कंपनी वर्षाला दहा टक्क्यांपर्यंत वाढवू शकते, कुणाला विचारण्याची गरज नाही. यादीतली दोन औषधे एकत्र करून तिसरी गोळी बाजारात आणली, तर ती बहुधा यादीबाहेरच. आणि म्हाताऱ्या माणसाच्या चिठ्ठीवर अशा जोडगोळ्या किती असतात ते कुणाही मेडिकलवाल्याला विचारा.

आता दुसरी बाजू पाहा. कर्मचारी पेन्शन योजनेतली किमान पेन्शन १ सप्टेंबर २०१४ पासून १,००० रुपये करण्यात आली. त्यानंतर अकरा वर्षे उलटली तरी आकडा तोच राहिला. त्या पेन्शनला महागाई भत्ता नाही. ती कोणत्याही निर्देशांकाशी जोडलेली नाही. सासरे निवृत्त झाले तेव्हा जी रक्कम ठरली, ती आजही तीच आहे. वृद्धापकाळ पेन्शनमध्ये केंद्राचा वाटा तर साठ ते एकोणऐंशी वयाच्या माणसाला महिना दोनशे रुपये. त्यात राज्ये आपली भर घालतात. गोव्यात दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेत दोन हजार मिळतात म्हणून आपण त्यातल्या त्यात भाग्यवान. पण निर्देशांक तिथेही नाही.

आता हे दोन कागद शेजारी ठेवा. औषधाच्या किमतीला निर्देशांक आहे. ते औषध घेणाऱ्याच्या पेन्शनला नाही. साध्या मराठीत सांगायचे तर औषधाला महागाई भत्ता मिळतो, म्हाताऱ्याला मिळत नाही. हा निसर्गाचा कोप नव्हे, कागदावर सही करून केलेली व्यवस्था आहे. फाईल हलवणाऱ्या माणसाला ती चटकन ओळखता येते.

सप्टेंबर २०२५ मध्ये औषधांवरचा जीएसटी बारावरून पाच टक्क्यांवर आला, काही महागड्या जीवरक्षक औषधांवर तो पूर्ण गेला. चांगले झाले. सासऱ्यांचे बिल त्यामुळेच १,९६० वरून १,८३७ वर आले. सव्वाशे रुपये वाचले, म्हणजे चार-सहा गोळ्यांचे तुकडे कमी करावे लागले. पण पाते काही खाली ठेवता आले नाही.

आणि आता जी गोष्ट मला सर्वांत जास्त टोचली ती. सासऱ्यांच्या गल्लीतच टपाल खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. दोघे सकाळी बरोबर फिरायला जातात. केंद्र सरकारचे जे पेन्शनर सरकारी आरोग्य योजनेच्या केंद्रापासून दूर राहतात, त्यांना बाहेरच्या बाहेर घ्यायच्या औषधांसाठी दरमहा ठरावीक वैद्यकीय भत्ता मिळतो. मध्य प्रदेशात ही केंद्रे भोपाळ, इंदूर अशा मोठ्या शहरांत, बुऱ्हाणपुरात नाही. म्हणून या गृहस्थांना तो भत्ता मिळतो. १९९७ साली तो शंभर रुपये होता. मग तीनशे, मग पाचशे, आणि १ जुलै २०१७ पासून एक हजार.

एक हजार! आकडा ओळखीचा वाटतो ना? सरकार आपल्या माणसाला निव्वळ गोळ्यांसाठी पेन्शनच्या वर जेवढे देते, तेवढीच खाजगी कारखान्यातल्या माणसाची किमान पेन्शन. त्यात त्याने जेवायचे, विजेचे बिल भरायचे, नातवाच्या हातावर दिवाळीचे दहा रुपये ठेवायचे आणि उरले तर औषध घ्यायचे.

टपालवाल्या गृहस्थांचा मला हेवा नाही. त्यांना मिळते ते योग्यच आहे, उलट आजच्या किमतींत ते कमीच आहे. माझा मुद्दा वेगळा. १९९७ पासून सरकारला हे ठाऊक आहे की म्हातारपणी दवाखान्यात दाखल न होताही दरमहा औषधाचा खर्च असतो आणि तो पेन्शनमधून भागत नाही. ठाऊक नसते तर हा भत्ता दिलाच नसता. म्हणजे तत्त्व मान्य आहे. फक्त ते आपल्या नोकरांपुरते मान्य आहे. एकाच गल्लीत, एकाच वेळी फिरायला जाणाऱ्या दोन म्हाताऱ्यांच्या रक्तदाबात सरकार हा फरक करते.

यावर जी उत्तरे मिळतात ती मला पाठ आहेत. पहिले उत्तर जन औषधी केंद्रांचे. २००८ साली ही योजना सुरू झाली, २०२५ च्या सुरुवातीला केंद्रांची संख्या पंधरा हजारांवर गेली. मी या केंद्रांचा पक्षपाती आहे. रक्तदाबाच्या साध्या गोळ्यांची दहाची पट्टी तिथे दहा रुपयांच्या आत मिळते, आणि कंपनीच्या जाहिरातीचा खर्च वजा केला की औषध किती स्वस्त असू शकते हे या केंद्रांनी सिद्ध करून दाखवले आहे. पण मग प्रश्न असा की इतके स्वस्त असेल तर ते फुकटच का देत नाही? आणि चिठ्ठीवर ब्रँडचे नाव लिहिलेले असेल तर सत्तरीतल्या माणसाने औषधाचे मूळ नाव कुठून ओळखायचे? ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने डॉक्टरांना मूळ नावाने औषध लिहिणे बंधनकारक केले. डॉक्टरांच्या संघटनांनी आरडाओरडा केला, आणि त्याच महिन्यात नियम स्थगित झाला. तीन आठवड्यांचे आयुष्य! त्यांच्या आक्षेपात तथ्य नव्हते असे मी म्हणत नाही. स्वस्त औषधाच्या दर्जाची खात्री सरकारने द्यायला हवी, नाहीतर डॉक्टर कशाच्या भरवशावर लिहिणार? पण दर्जाची तपासणी वाढवण्याऐवजी नियमच गुंडाळला, आणि म्हातारा होता तिथेच राहिला.

दुसरे उत्तर, सरकारी दवाखान्यात औषधे फुकट मिळतात. मिळतात, खरे आहे. राजस्थानने २ ऑक्टोबर २०११ ला मोफत औषध योजना सुरू केली, मध्य प्रदेशाने पुढच्या वर्षी, महाराष्ट्राने ऑगस्ट २०२३ पासून सरकारी रुग्णालयांतले उपचार मोफत केले. तामिळनाडूचे औषध महामंडळ तर नव्वदच्या दशकापासून एकगठ्ठा खरेदी करून गावोगाव औषध पोचवते. रक्तदाबासाठी २०१७ साली एक राष्ट्रीय उपक्रम निघाला, त्याच्या पहिल्या पाच राज्यांत मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र दोन्ही होती. ठरलेली थोडी औषधे, ठरलेली मात्रा आणि एका वेळी तीस दिवसांच्या गोळ्या हे त्याचे सूत्र. तीस दिवसांच्या! हाच शहाणपणा आहे. कारण जिथे सात दिवसांच्या गोळ्या देतात, तिथे म्हाताऱ्याने महिन्यातून चार वेळा रिक्षाचे पैसे मोजायचे, रांगेत उभे राहायचे आणि खिडकीपाशी पोचल्यावर ऐकायचे, "ही संपली, बाहेरून घ्या." सासरे दोन वर्षे एका सरकारी रांगेत उभे राहिले. एकदा चक्कर येऊन पडले, तेव्हापासून जात नाहीत. रांगेत उभे राहण्याची ताकद असलेल्यालाच फुकट औषध मिळावे, ही अट तरुणाला ठीक आहे हो, बहात्तरीच्या माणसाला?

तिसरे उत्तर, पैसा कुठून आणायचा. सरकारच्याच पाहणीत २०१७-१८ साली साठीवरच्या साडेसात कोटी लोकांना कोणता ना कोणता जुना आजार असल्याचे आढळले. आकडा मोठा आहे, मान्य. पण हे साडेसात कोटी गोळी न घेता राहिले, तर जातात कुठे? पक्षाघात होऊन दवाखान्यात, मूत्रपिंड निकामी होऊन डायलिसिसच्या खाटेवर. आणि तिथे सरकारच पाच लाखांपर्यंत मोजायला बसले आहे! दहा रुपयांची पट्टी द्यायला पैसा नाही आणि दीड लाखाचे पॅकेज द्यायला आहे, असा हिशेब माझ्या टेबलावर आला तर मी लाल शाईने शेरा मारून परत पाठवीन.

जगात हे कुणीच करत नाही असेही नाही. आपले कितीतरी गोंयकार पोर्तुगीज पासपोर्टवर स्विंडनला गेले आहेत. त्यांना विचारा. इंग्लंडमध्ये साठी ओलांडली की चिठ्ठीवरचे औषध फुकट. अमेरिका तर औषध कंपन्यांचे माहेरघर. तिथेही २०२२ साली कायदा झाला, ज्येष्ठांच्या योजनेत इन्सुलिनला महिन्याला ३५ डॉलरची मर्यादा आली आणि २०२५ पासून वर्षाला दोन हजार डॉलरच्या वर औषधांसाठी खिशातून द्यावे लागणार नाही असे ठरले. श्रीमंत देशाची बरोबरी आपण करावी असे मी म्हणत नाही. पण दवाखान्याबाहेरचे औषधही विम्यातच धरायचे असते, एवढे तरी त्यांच्याकडून घ्यायला काय हरकत आहे? आणि खरे तर त्यांच्याकडेही जायला नको. आपला कामगार विमा कायदा १९४८ चा. त्यात बाहेरच्या बाहेर घ्यायची औषधेही आहेत, आणि या योजनेतून निवृत्त झालेल्या कामगाराला वर्षाला १२० रुपये भरून नवरा-बायको दोघांचे उपचार चालू ठेवण्याची सोय केली गेली. सासऱ्यांच्या कारखान्याला ती योजना लागू नव्हती, म्हणून ते बाहेर राहिले. योजना लागू होती की नव्हती, या एका रकान्यावर माणसाची गोळी अख्खी की अर्धी हे ठरावे?

बुऱ्हाणपूरच्या शेजारच्या बुलढाण्यातून कमांडर अशोक राऊत यांच्या नेतृत्वाखाली या पेन्शनरांची समिती वर्षानुवर्षे आंदोलन करते आहे. मागणी काय? किमान साडेसात हजार पेन्शन, महागाई भत्ता आणि नवरा-बायकोला मोफत औषधोपचार. सत्तरी-पंचाहत्तरीची माणसे उपोषणाला बसतात. आमच्या, म्हणजे सरकारी नोकरांच्या संघटना त्या मंडपात कधी गेल्या आहेत का? मी स्वतः गेलो नाही. आमचे मोर्चे आमच्या वेतन आयोगासाठी. भत्त्याची थकबाकी मिळाली की आम्ही घरी. हे मी दुसऱ्यावर बोट दाखवून लिहीत नाही, स्वतःवर दाखवून लिहितो आहे.

परतायच्या आदल्या दिवशी सासरे मला कुंडी भंडारा दाखवायला घेऊन गेले. जहांगीराच्या काळात, १६१५ च्या सुमारास, अब्दुल रहीम खानखानाने एका फारसी जाणकाराकडून हे काम करून घेतले. सातपुड्याच्या डोंगरातून झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून, शंभराहून अधिक कुंड्यांतून, केवळ उताराच्या जोरावर शहरात आणले. पंप नाही, मोट नाही. सासरे कठड्याला टेकून खाली पाणी बघत उभे होते. मला वाटले, चारशे वर्षांपूर्वीच्या राज्यकर्त्याला एवढे कळत होते की तहानलेला माणूस बेशुद्ध पडल्यावर त्याला पाणी पाजण्यात राज्यकारभार नाही. पाणी आधीच त्याच्या वस्तीत आणायचे असते. रोज, थोडे थोडे, न मागता.

वय वंदना कार्डाचे तसेच करा, एवढीच माझी मागणी आहे. नवी योजना नको, नवे नाव नको, उद्घाटन तर नकोच. रक्तदाब, साखर, हृदय, दमा यांची ठरलेली वीस-पंचवीस औषधे निवडा. ते कार्ड दाखवले की जन औषधी केंद्रातून आणि गावच्या आरोग्य केंद्रातून तीस दिवसांच्या गोळ्या बिनपैशाने मिळू द्या. सत्तरीची अट साठीवर आणा, कारण रक्तदाब सत्तरीची वाट बघत नाही. आणि जोवर औषधांच्या किमती निर्देशांकाने वाढतात, तोवर त्याच निर्देशांकाने हजार रुपयांची पेन्शनही वाढू द्या. निर्देशांक मोजायला बाबू लागतो, तो सरकारकडे आहेच.

आम्ही गोव्याला परतलो. त्यानंतर दर महिन्याला बायको बुऱ्हाणपूरला एक पार्सल पाठवते. काजू, सोलां, थोडे कोकमाचे आगळ, आणि तळाशी तीस दिवसांच्या गोळ्या. वडिलांना सांगितले आहे की कारखाना वेर्ण्याला आहे, जावयाची तिथे ओळख आहे, सॅम्पल म्हणून फुकट मिळतात. धादांत खोटे. माझी वेर्ण्याला कुणाशी ओळख नाही, बिल मी माझ्या पगारातून भरतो. सासऱ्यांना हे खरे वाटते की नाही ते मला सांगता येणार नाही. पण परवा फोनवर म्हणाले, "जावईबापू, आता पातं दाढीलाच वापरतो." बरे वाटले. मग लगेच दुसरा विचार आला. त्यांच्या गल्लीतल्या बाकीच्या म्हाताऱ्यांचे काय? त्यांच्या पट्ट्यांवरही वेर्ण्याचा पत्ता असेल, पण प्रत्येकाचा जावई गोव्यात थोडाच असतो!